व्हॅनिटी आणि बेसिनचा टॉप घरच्या घरी बदलताना: एका कामाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे एका कुटुंबाच्या राहत्या घरातलं काम आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. मापं आणि घटनाक्रम तसाच ठेवला आहे. घरात आई, थोरली मुलगी आणि धाकटा मुलगा. मुलीला इथे ताई म्हणतो आणि मुलाला भाऊ. दोघांनाही ड्रिल चालवायची, तयार फर्निचर जोडायची सवय होती. नळकामातला अनुभव मात्र वॉशर बदलण्यापुरताच. मी सल्ला द्यायला होतो. पाना आणि ड्रिल त्या दोघांच्याच हातात होतं.

बाथरूममधली जुनी व्हॅनिटी ७५० मि.मी. रुंद आणि ४८० मि.मी. खोल होती. खाली पार्टिकल बोर्डचं कपाट थेट फरशीवर टेकलेलं, वर बेसिनसकट एकसंध ओतलेला कृत्रिम संगमरवराचा टॉप. कपाटाची तळफळी फुगून मधोमध वर आली होती. एका दाराची बिजागरी स्क्रूसकट भुशातून निसटली होती. टॉपवर, पाणी जायच्या भोकाभोवती, केसाएवढ्या बारीक चिरा पडल्या होत्या. गरम आणि गार पाणी आलटून पालटून पडत राहिलं की अशा टॉपला नेमक्या याच जागी चिरा जातात.

नेमकी अडचण

भावाचं म्हणणं सरळ होतं: कपाट कुजलंय, नवं आणून बसवू. ताईने मात्र विचारलं, "अरे, पण कुजलं कशानं? तेच कारण राहिलं तर नवंही कुजेल ना?"

या एका प्रश्नाने सगळ्या कामाची दिशा बदलली, म्हणून त्यावर थोडं थांबतो. बेसिनखाली ओल दिसली की सगळ्यांचं बोट ट्रॅपकडे, म्हणजे बेसिनखालच्या, थोडं पाणी साठवून वास अडवणाऱ्या भागाकडे जातं. दोघांनाही तसंच वाटत होतं. मी त्यांना सांगितलं की आधी कपाट रिकामं करा, आतलं सगळं कापडाने कोरडं करा आणि प्रत्येक सांध्याला टिश्यू पेपरची पट्टी गुंडाळा: दोन्ही अँगल कॉक (बेसिनखाली भिंतीवर असलेले, गरम-गार पाणी बंद करायचे छोटे कॉक), कनेक्शन पाइपचे नट, वेस्ट कपलिंग (बेसिनच्या भोकात बसणारा, पाणी खाली सोडणारा तुकडा), ट्रॅपचे नट. मग बेसिन भरून एकदम सोडा. बोटाला न कळणारा पाझरही टिश्यूवर लगेच डाग सोडतो.

ट्रॅपभोवतीच्या पट्ट्या कोरड्या राहिल्या. गरम पाण्याच्या अँगल कॉकची पट्टी मात्र स्पिंडलपाशी, म्हणजे फिरवायच्या दांड्यापाशी, हळूहळू भिजली. पुढचा प्रयोग ताईने स्वतःच केला. टॉपच्या मागच्या कडेवर, जिथे टॉप भिंतीला भिडतो तिथे, तांब्याभर पाणी सावकाश ओतलं. थोड्या वेळात कपाटाच्या मागच्या फळीवरून ते खाली ओघळताना टॉर्चच्या उजेडात स्पष्ट दिसलं. सिलिकॉनचा सांधा भिंतीपासून सुटला होता. तोंड धुताना उडणारं, टॉप पुसताना मागे सरकणारं पाणी रोज थोडं थोडं त्या फटीतून खाली जात होतं. कपाट कुजलं होतं ते वरून येणाऱ्या पाण्याने.

म्हणजे अडचणी दोन होत्या: मागचा सांधा आणि जुनाट अँगल कॉक. कुजलेलं कपाट हा त्यांचा परिणाम होता.

पर्याय

डागडुजी, म्हणजे तळफळी बदलून सिलिकॉन नव्याने भरणं, हा पर्याय फार वेळ टिकला नाही. पार्टिकल बोर्ड एकदा फुगला की पुन्हा बसत नाही आणि त्यात स्क्रूही धरत नाही. फक्त टॉप बदलायचा तर नवा टॉप त्याच कुजक्या कपाटावर ठेवावा लागला असता.

खरी चर्चा झाली ती भिंतीवर टांगलेली व्हॅनिटी घ्यायची की पायांवरची. टांगलेली दिसायला सुटसुटीत आणि खालची फरशी पुसायला सोपी. भावाचा ओढा तिकडे होता. पण ती भिंत जाड नव्हती. खोल्यांमधली पातळ आडभिंत होती आणि वाजवून पाहिल्यावर पोकळ ठोकळ्यांची निघाली. वजनाचा हिशेब कागदावर मांडला. २० मि.मी. जाडीच्या ग्रॅनाइटचं वजन चौरस मीटरला साधारण ५४ किलो भरतं. या मापाचा टॉप धरला तरी एकोणीस किलोच्या पुढे. त्यात कपाट, बेसिन, आतलं सामान आणि पाणी. सगळ्यात मोठा भार मात्र हिशेबात कोणी धरत नाही: पाय धुताना किंवा तोल सावरताना माणूस बेसिनच्या पुढच्या कडेवर टाकतो तो. त्या वेळी सगळं वजन वरच्या स्क्रूंना भिंतीतून बाहेर खेचतं. भरीव विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीत हे चालतं. पोकळ भिंतीत तिच्यासाठी बनवलेले खास अँकर किंवा आतून आधार दिल्याशिवाय मी तरी असं काम कोणाला सुचवणार नाही. घरात वयस्कर आई होत्या, आणि त्या कडेचा आधार घेतात हे दोघांनी रोज पाहिलं होतं. पायांवरची व्हॅनिटी ठरली. खाली १२० मि.मी. उंचीचे, फिरवून कमीजास्त करता येणारे पाय, म्हणजे फरशीवरचं पाणी लाकडाला लागणार नाही आणि पुसायलाही जागा राहील.

रुंदीचं काम वर्तमानपत्राने मिटवलं. भावाला ९०० मि.मी. हवी होती. त्या मापाचा कागद फरशीवर अंथरून बाथरूमचं दार उघडलं, तर दाराची कड कागदावर आली. ७५०च कायम राहिली.

उंची आणि आउटलेट

माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय इथे झाला, आणि तो खरेदीच्या आधी झाला हे फार बरं झालं.

ताईला एक बेसिन आवडलं होतं: दगडी टॉपच्या खालून बसवायचं, चांगलं खोल, पाणी बाहेर न उडणारं. आधी कडेची उंची ठरवली. जुन्या बेसिनची कड ७९० मि.मी.वर होती आणि सगळ्यांना वाकावं लागायचं. हल्ली ८५०च्या आसपास बसवतात. टॉपवर फळ्या रचून ती उंची केली आणि आईंना हात धुऊन पाहायला सांगितलं, तर कोपर वर उचलावं लागलं. एक फळी काढल्यावर त्या म्हणाल्या, "हं, हे बरोबर. आता पाणी कोपरापर्यंत येणार नाही." ती उंची भरली ८२०.

मग भिंतीतल्या आउटलेटचं, म्हणजे सांडपाणी जायच्या तोंडाचं, माप घेतलं. त्याचा मध्य फरशीपासून ५१० मि.मी.वर होता. आता वरून खाली हिशेब करायचा. आवडलेल्या बेसिनचा तळ, टॉपची जाडी धरून, कडेपासून २३० मि.मी. खाली येत होता: ८२० वजा २३०, म्हणजे ५९०. त्याखाली वेस्ट कपलिंग आणि बॉटल ट्रॅप. घ्यायच्या ठरलेल्या जोडणीत बेसिनच्या तळापासून ट्रॅपच्या बाहेर जाणाऱ्या तोंडाच्या मध्यापर्यंत किमान १४० मि.मी. लागत होते. म्हणजे ट्रॅपचं तोंड ४५० वर आलं असतं आणि भिंतीतलं आउटलेट ५१० वर. पाण्याला ६० मि.मी. चढ चढून जावं लागलं असतं.

अशा जोडणीतून पाणी जातच नाही असं नाही. बेसिनमधल्या पाण्याच्या दाबाने ते जातं, पण चढाच्या खालचा सगळा भाग कायम भरलेला राहतो. त्यात साबणाचा साका, केस आणि टूथपेस्ट बसत जाते, आणि कालांतराने नळी तुंबते. नियम उलटा आहे: ट्रॅपपासून भिंतीकडे जाणाऱ्या नळीला मीटरला साधारण २० मि.मी. उतार हवा.

भाऊ म्हणाला, "ताई, मग प्लास्टिकची घड्यांची नळी लावू ना. ती कुठेही वळते." हा मोह अनेकांना होतो आणि इथे तो टाळला गेला याचं मला समाधान आहे. घड्यांच्या नळीत प्रत्येक घडीत मळ अडकतो. शिवाय ट्रॅपचा खरा उपयोग त्यात साठून राहणाऱ्या पाण्याचा असतो. साधारण ५० मि.मी. उंचीचा तो पाण्याचा पडदा गटारातला वास आणि किडे वर येऊ देत नाही. नळी कशीही वाकवली की तो पडदा कधी राहतो, कधी सायफनने ओढला जाऊन रिकामा होतो.

उरलेले मार्ग दोन. भिंतीला झिरी मारून आउटलेट खाली घ्यायचं, किंवा बेसिन उथळ घ्यायचं. आउटलेट खाली घेणं म्हणजे टाइल्स फोडणं, आतली नळी कापून जोडणं, पुन्हा उतार मिळतो का पाहणं. हे काम त्यांनी स्वतः करू नये असं मी स्पष्ट सांगितलं. ताईने नाराजीनेच पण नीट विचार करून उथळ बेसिन निवडलं: बेसिनसकट एकसंध सिरॅमिकचा टॉप, कडेपासून तळापर्यंत १५० मि.मी. आता ८२० वजा १५० वजा १४०, म्हणजे ५३०. आउटलेटपेक्षा २० मि.मी. वर, आणि आडवी नळी ३०० मि.मी.च्या आतली. उतार पुरेसा, वर थोडी सवडही.

अँगल कॉक

कामाला हात घालण्यापूर्वी ताईने एक नियम कागदावर लिहून बाथरूमच्या दाराला लावला होता: "भिंतीतली वस्तू नेहमीच्या जोराने फिरली नाही तर थांबायचं." मला तो फार आवडला. घरच्या कामात सगळ्यात महाग पडते ती भिंतीत तुटलेली निपल (नळीला कॉक जोडणारा आट्यांचा तुकडा), आणि ती तुटते आणखी एक झटका देण्याच्या नादात.

मुख्य कॉक बंद केला, सगळ्यात खालच्या पातळीवरचा नळ उघडून लाइन रिकामी केली. गरम बाजूचा अँगल कॉक सहज निघाला. गार बाजूचा हलेना. भावाने पान्याला लांब पाइप लावून जोर वाढवायचं सुचवलं. दारावरचा कागद कामी आला. आत लोखंडी नळी होती, म्हणून आट्यांच्या तोंडाशी गंज सोडवणारं तेल सोडून रात्रभर ठेवलं. (सीपीव्हीसीची नळी असेल तर हे करू नये, काही तेलांनी ते प्लास्टिक तडकतं.) सकाळी आधी अगदी किंचित आवळण्याच्या दिशेने फिरवलं, मग उलटं. आवळताना गंजाची पकड मोडते. कॉक सुटला.

नवे कॉक बसवताना आतले आटे जुन्या टेपचे तुकडे काढून, ब्रशने घासून स्वच्छ केले. टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेनेच गुंडाळली, म्हणजे कॉक फिरवताना ती उलगडत नाही. कनेक्शन पाइपच्या नटला मात्र टेप लावली नाही. तिथलं पाणी रबरी वॉशर अडवतो, आटे नव्हे. टेपने उलट नट नीट बसत नाही. हाताने घट्ट करून पान्याने पाव ते अर्धा फेरा, एवढंच.

जुनं काढल्यावर

टॉप काढताना घाई केली तर भिंतीच्या टाइल्स सोबत येतात. त्यांनी आधी ब्लेडने सिलिकॉनचा सांधा पूर्ण लांबीत कापला, मग पातळ पट्टी टॉप आणि कपाटाच्या मध्ये सरकवत चिकटण सोडवली. ट्रॅपखाली बादली, आणि ट्रॅप निघताच आउटलेटमध्ये कापडाचा बोळा. बोळ्याने वास अडतो आणि सुटा स्क्रू आत पडत नाही.

कपाट हललं आणि मागची भिंत दिसली. टाइल्स कपाटाच्या कडांपाशीच संपल्या होत्या. मागे नुसतं प्लॅस्टर होतं, काळं पडलेलं, खालच्या भागात पोपडे सुटलेलं. हात लावला की वाळू झडत होती.

भावाचा आग्रह होता की नवी व्हॅनिटी तयार आहे, बसवून टाकू, मागे कोण बघतंय. आई मात्र म्हणाल्या, "अरे, ओल्या भिंतीला कपाट लावलंस तर वास तुलाच येईल." आईंचं बरोबर होतं. सुटं प्लॅस्टर खरवडलं, बुरशी घासून धुतली, पंखा लावून भिंत उघडी ठेवली. किती दिवस ठेवायची हे अंदाजाने ठरवलं नाही. पारदर्शक प्लास्टिकचा हातभर तुकडा चारही बाजूंनी टेप लावून भिंतीवर चिकटवला. दुसऱ्या दिवशी आतल्या बाजूला दव जमलेलं दिसलं की भिंत अजून ओली. प्लास्टिक आतून कोरडं मिळेपर्यंत वाट पाहिली, मग प्लॅस्टरची दुरुस्ती करून, ती सुकल्यावर वॉटरप्रूफ कोटिंगचे दोन हात दिले.

नवे अँगल कॉक आधीच बसवून बंद केलेले असल्याने या सगळ्या काळात घरातलं बाकीचं पाणी सुरू राहिलं. ते जुने तसेच ठेवले असते तर मुख्य कॉक रोज उघडबंद करावा लागला असता, किंवा वाट पाहायचा धीर सुटला असता.

बसवणं

नळ आणि वेस्ट कपलिंग टॉप खाली असतानाच बसवले. जमिनीवर गोधडी पसरून टॉप उपडा ठेवला. नळाचा मागचा नट समोर, डोळ्यांसमोर. तोच नट टॉप भिंतीला लागल्यावर आवळायचा म्हणजे कपाटात पाठीवर झोपून, बेसिन आणि भिंतीच्या मधल्या चार बोटांच्या फटीत पाना फिरवणं. ही एक गोष्ट तरी प्रत्येकाने पाळावी.

कपाटाच्या मागच्या फळीत नळ्यांसाठी भोकं पाडायची होती. मोठा चौकोन कापून मोकळं होता येतं, पण फळी कमकुवत होते. त्यांनी भिंतीवरचे दोन अँगल कॉक आणि आउटलेट यांची जागा पुठ्ठ्यावर उतरवली, पुठ्ठा फळीला लावला आणि होल सॉने तीन वेगळी भोकं पाडली. कापलेल्या कडांना वॉर्निशचे दोन हात दिले. कपाट पाण्यात टिकणाऱ्या प्लायचं असलं तरी उघडी कड पाणी ओढतेच.

कपाट जागेवर ठेवून पाय फिरवत लेव्हल साधली. भावाचा विचार होता की टॉपला पुढे किंचित उतार द्यावा, म्हणजे मागे पाणी जाणार नाही. पण मग ते दारांवरून ओघळतं. टॉप दोन्ही दिशांनी लेव्हलमध्येच हवा. पाणी बेसिनकडे वळवणारा उतार टॉपच्या घडणीत आधीच दिलेला असतो.

पायांवर उभी असली तरी व्हॅनिटी भिंतीला धरून ठेवायला हवी, नाहीतर पुढून भार आला की कलते. मागच्या आडपट्टीतून पोकळ भिंतीचे अँकर घातले. ड्रिल कुठे करायचं नाही हे आधी ठरवलं: अँगल कॉकच्या थेट वरची आणि खालची पट्टी, कारण नळी भिंतीतून उभी गेलेली असण्याची शक्यता तिथेच जास्त.

मग टॉप ठेवला आणि भिंतीचं खरं रूप दिसलं. दोन्ही टोकांना टॉप भिंतीला टेकला, मध्ये मात्र ९ मि.मी. फट. भिंत ओळंब्यात होती, पण मधोमध आत गेलेली. सिरॅमिक तासता येत नाही. एवढी फट नुसत्या सिलिकॉनने भरायची तर ते आत ढासळतं, सुकताना आक्रसतं आणि काही महिन्यांत एका बाजूने सुटतं; जुन्या सांध्याचंही हेच झालं असावं. फटीत फोमची गोल दोरी दाबून तिच्यावर सिलिकॉन भरता येतं. त्यांनी दोरी घातली, आणि वर टाइलची १०० मि.मी. उंच पट्टी भिंतीला चिकटवली. टाइल आणि चिकटण मिळून १२ मि.मी. जाडी झाली, त्यामुळे फट पट्टीच्या आड गेली. पट्टी आणि टॉपच्या मध्ये ३ मि.मी. जागा सोडली. आता सिलिकॉनला भरायची होती ती एवढीच, सरळ आणि सारखी.

चाचणी आणि एक गळती

सिलिकॉन भरण्याआधी चाचणी करायची हे ठरलेलं होतं. टॉप कपाटावर सिलिकॉनच्या चार-पाच ठिपक्यांवर टेकवला होता, सगळीकडे चिकटवलेला नव्हता, म्हणजे गरज पडली तर उचलता यावा.

पुन्हा टिश्यूच्या पट्ट्या. नळ सुरू करून पाणी वाहू दिलं, सगळं कोरडं. भावाने सुटकेचा श्वास सोडला. पण वाहत्या पाण्यात नळी अर्धवटच भरते आणि सांध्यांवर दाब येत नाही. बेसिन काठोकाठ भरून, वरच्या ओव्हरफ्लोच्या भोकातून पाणी जाऊ देऊन, मग बूच उघडलं. या वेळी कपलिंगखालची पट्टी भिजली.

पाणी नटच्या खालून टपकत होतं, म्हणून भाऊ नट आवळायला निघाला. मी थांबवलं. सिरॅमिकला जास्त आवळणं सोसत नाही, बेसिनच तडकतं. कपलिंगच्या अंगात, ओव्हरफ्लोचं पाणी आत घेण्यासाठी, खाचा असतात. त्यांतलं पाणी आट्यांवरून खाली सरकतं, आणि त्याला अडवायचं काम बेसिनच्या तळाला लागणाऱ्या जाड रबरी वॉशरचं. खोलून पाहिलं तर तो उलटा बसला होता: निमुळती बाजू खाली, सपाट बाजू वर. निमुळती बाजू वर, भोकात शिरेल अशी हवी. वॉशर पालटला, नट हाताने घट्ट करून थोडा पाना दिला. पुन्हा बेसिन भरलं, सोडलं. पट्टी कोरडी.

त्यानंतर मागचा सांधा. आसिटिक जातीचं सिलिकॉन, ज्याला व्हिनेगरसारखा वास येतो, सिरॅमिकला चालतं. नैसर्गिक संगमरवराला मात्र ते डाग पाडतं. इथे सिरॅमिक असूनही त्यांनी न्यूट्रल जातीचं, बुरशीरोधक घेतलं. दोन्ही कडांना मास्किंग टेप लावून भरलं, एका ओढीत बोटाने सारखं केलं आणि पापुद्रा धरण्याआधी टेप काढली. २४ तास कोणी पाणी वापरलं नाही.

निष्पत्ती

काही महिन्यांनी मी पुन्हा पाहिलं. तळफळी कोरडी, बिजागऱ्या घट्ट, मागचा सांधा अखंड. ताईने ट्रॅपखाली एक उथळ ट्रे ठेवला आहे आणि त्यात कोरडा टिश्यू. झाडताना त्यावर नजर टाकायची एवढंच. उथळ बेसिनमुळे पाणी थोडं जास्त उडतं; नळाच्या तोंडाला बारीक जाळीचा एरेटर लावल्यावर ते कमी झालं, पूर्ण थांबलं नाही. ताईला खोल बेसिनची आठवण अजून येते. आईंना उंची पसंत आहे आणि त्या कडेवर भार टाकून उभ्या राहतात.

वेगळं काय करता आलं असतं

भिंतीची सरळ पट्टीने तपासणी टॉप मागवण्याआधी व्हायला हवी होती. दीड मीटरची ॲल्युमिनियमची पट्टी टाइल्सवर, टॉपच्या उंचीला, आडवी धरली असती तर फट तेव्हाच कळली असती. मग कदाचित साइटवर कापता येणारा दगडी टॉप घेऊन मागची कड भिंतीच्या वळणाप्रमाणे घासता आली असती. टाइलची पट्टी दिसायला चांगली आहे, पण ती गरजेतून आली.

अँगल कॉक बदलणं हे स्वतंत्र काम म्हणून, आठवडाभर आधी, उरकायला हवं होतं. गार बाजूचा कॉक सुटला नसता तर प्लंबर येईपर्यंत सगळं घर पाण्यावाचून राहिलं असतं. मी आता विचारणाऱ्याला हेच सांगतो: कॉक आधी, मग भिंतीची मापं, मग खरेदी.

जुनं कपाट काढण्याआधी त्याच्या मागच्या फळीला हातभर भोक पाडून आतलं प्लॅस्टर पाहता आलं असतं. कपाट फेकायचंच होतं, त्यामुळे नुकसान काहीच नव्हतं. भिंत ओली आहे हे कळलं असतं तर सुकण्याचा वेळ धरून नव्या वस्तूंची खरेदी पुढे ढकलता आली असती. त्यांचं नवं कपाट तेवढे दिवस बाहेरच्या खोलीत खोक्यात उभं राहिलं.

दारांऐवजी ड्रॉवर घ्यायचे का, यावर अजूनही घरात दोन मतं आहेत. ड्रॉवरमध्ये सामान नीट लागतं हे खरं. पण ट्रॅपसाठी वरचा ड्रॉवर मागून कापावा लागतो, आणि अँगल कॉक बंद करायची वेळ आली की आधी ड्रॉवर काढावे लागतात. नळी फुटली असेल त्या वेळी हात थेट कॉकपर्यंत जायला हवा, म्हणून मी दारांच्या बाजूने आहे. भाऊ नाही. त्याने आता कपाटाच्या आत, ट्रॅपच्या एका बाजूला, छोटी सरकती जाळी बसवायचं घेतलं आहे. दोन्ही कॉक मोकळे राहतील एवढी जागा सोडून.